महाविद्यालयीन व्हॉलीबॉल प्रशिक्षक (मराठवाडा)

महाविद्यालयीन व्हॉलीबॉल प्रशिक्षक म्हणजे महाविद्यालयाच्या व्हॉलीबॉल संघाची निवड, सराव व स्पर्धेतील मार्गदर्शन यांची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती. महाराष्ट्रातील बहुतेक संलग्न महाविद्यालयांत या कामासाठी वेगळे पद नसते. शारीरिक शिक्षण संचालक, ज्यांना बोलीभाषेत ‘क्रीडा संचालक’ किंवा ‘पी.टी.चे सर’ म्हटले जाते, तेच इतर खेळांबरोबर व्हॉलीबॉलचेही प्रशिक्षण देतात. नांदेड जिल्ह्यातील धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावी ही कारकीर्द मोठ्या शहरातील क्लब प्रशिक्षकाच्या किंवा अमेरिकेतील वेतनधारी विद्यापीठ प्रशिक्षकाच्या कारकिर्दीहून पुष्कळ वेगळी असते. मात्र एक मर्यादा या सर्वांना समान आहे. महाविद्यालयीन खेळाडू प्रशिक्षकाकडे मोजक्या वर्षांपुरताच असतो, त्यामुळे संघ दरवर्षी अंशतः नव्याने उभारावा लागतो.

पदाचे स्वरूप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयातील या पदाला ‘शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक’ असे नाव आहे. वेतनश्रेणीच्या दृष्टीने ते सहायक प्राध्यापकाच्या समकक्ष आहे. एका महाविद्यालयात सामान्यतः असे एकच पद असते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, कुस्ती, बुद्धिबळ इत्यादी सर्व खेळांचे संघ पाठविणे, मैदानाची देखभाल, क्रीडा साहित्याची खरेदी व नोंद, वार्षिक क्रीडा महोत्सव आणि शारीरिक शिक्षण हा विषय असल्यास त्याचे अध्यापन ही सर्व कामे त्याच व्यक्तीकडे असतात.

यामुळे ‘व्हॉलीबॉल प्रशिक्षक’ ही ओळख बहुधा पदावरून मिळत नाही, ती आवडीतून आणि अनुभवातून घडते. जो संचालक स्वतः विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेला असतो, त्याच्या महाविद्यालयात हा खेळ रुजतो. तो निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली, की अनेकदा संघाची परंपराही खंडित होते. महाविद्यालयाचा नावलौकिक एखाद्या विशिष्ट खेळाशी जोडला जाण्यामागे पुष्कळदा एका व्यक्तीची वीस-पंचवीस वर्षांची सेवा असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खेळाचा उगम

व्हॉलीबॉल या खेळाचा जन्मच एका शारीरिक शिक्षण संचालकाच्या हातून झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथील वाय.एम.सी.ए. या संस्थेत विल्यम जी. मॉर्गन हे शारीरिक शिक्षण संचालक होते. त्यांच्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या मध्यमवयीन व्यावसायिकांना बास्केटबॉल हा खेळ दमवणारा वाटे. म्हणून त्यांनी १८९५ मध्ये जाळीवरून चेंडू टोलविण्याचा, अंगाला अंग न भिडणारा एक खेळ रचला आणि त्याला ‘मिंटोनेट’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्ड येथील प्रात्यक्षिकानंतर तो ‘व्हॉलीबॉल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४७ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापना झाली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

भारतात प्रसार

भारतात हा खेळ वाय.एम.सी.ए. संस्थेमार्फतच पसरला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार झालेल्या शिक्षकांनी तो देशभरातील शाळा-महाविद्यालयांत नेला. महाराष्ट्रात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि मुंबईतील कांदिवली येथील शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था (१९३८) यांनी शारीरिक शिक्षकांच्या अनेक पिढ्या घडविल्या. १९५१ मध्ये भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. भारतीय पुरुष संघाने आशियाई क्रीडा स्पर्धांत १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य आणि १९८६ मध्ये पुन्हा कांस्य पदक मिळविले.

मराठवाडा

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचा भाग राहिला. त्या काळात या भागातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे केंद्र तिकडे गेले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

नव्या विद्यापीठाचा ग्रामीण खेळाडूंवर थेट परिणाम झाला. पूर्वी संपूर्ण मराठवाड्यातून एकच विद्यापीठ संघ निवडला जात असे. १९९४ नंतर चार जिल्ह्यांच्या या भागाला स्वतःचा संघ मिळाला आणि धर्माबाद, देगलूर, उदगीर, अहमदपूर अशा गावांतील खेळाडूंना निवड चाचणीसाठी औरंगाबादपर्यंत जाण्याची गरज उरली नाही.

धर्माबाद परिसरातील परिस्थिती

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण तेलंगणाच्या सीमेलगत, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून ते प्रसिद्ध आहे. सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावरील या स्थानकानंतर हैदराबादच्या दिशेने तेलंगणातील बासर लागते. त्यामुळे येथे मराठीबरोबर तेलुगूही सर्रास बोलली जाते. गावातील लालबहादूर शास्त्री महाविद्यालय हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे.

अशा गावांतील प्रशिक्षकाचे काम काही स्थानिक बाबींवर अवलंबून असते. त्यांपैकी पहिली जमीन होय. गोदावरी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूच्या घोट्याला दोन्ही अवस्था धोक्याच्या असतात. म्हणून मैदानावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून ते कठीण पण सपाट करावे लागते. दुसरी बाब प्रवासाची आहे. निम्म्याहून अधिक विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून ये-जा करीत असतील, तर सायंकाळचा सराव शेवटच्या एस.टी. बसच्या किंवा रेल्वेच्या वेळेवर ठरतो. तिसरी बाब शेतीची आहे. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि त्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते, आणि नेमका हाच काळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा असतो. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील खेळाडू या दिवसांत सरावाला नियमित येऊ शकत नाहीत.

दुसरीकडे हा खेळ खेड्यांना परवडणारा आहे. दोन खांब, एक जाळी व एक चेंडू एवढ्यावर बारा जण खेळू शकतात. जत्रा, गणेशोत्सव व जयंत्यांच्या निमित्ताने गावोगावी रोख बक्षिसांच्या खुल्या स्पर्धा भरतात. त्यामुळे महाविद्यालयात येणारा मुलगा बहुधा खेळाशी आधीच परिचित असतो.

पात्रता व शिक्षण

शारीरिक शिक्षण संचालक होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शारीरिक शिक्षण व क्रीडाशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह असावी लागते. त्याशिवाय राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) किंवा राज्य पात्रता परीक्षा (सेट) उत्तीर्ण असणे किंवा नियमानुसार सूट देणारी पीएच.डी. असणे अपेक्षित असते. उमेदवाराने आंतरविद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन किंवा राज्य-राष्ट्रीय स्पर्धांत भाग घेतल्याची नोंदही पाहिली जाते.

इतर प्राध्यापकांना न लागणारी एक अट येथे आहे, ती शारीरिक क्षमता चाचणीची. ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर, तर त्याच वयोगटातील महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १००० मीटर अंतर धावावे लागते. वय वाढेल तसे हे अंतर कमी होते.

यासाठीचा नेहमीचा शैक्षणिक मार्ग पदवी, त्यानंतर दोन वर्षांचे बी.पी.एड. आणि दोन वर्षांचे एम.पी.एड. असा आहे. या अभ्यासक्रमांत शरीररचनाशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, प्रशिक्षणशास्त्र व क्रीडा व्यवस्थापन हे विषय असतात, पण एका खेळाचे सखोल प्रशिक्षण त्यांतून मिळत नाही. त्यासाठी पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (स्थापना १९६१) क्रीडा प्रशिक्षण पदविका प्रतिष्ठेची मानली जाते. क्रीडाक्षेत्रात तिला ‘एन.आय.एस.’ एवढेच म्हणतात. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघही प्रशिक्षकांसाठी तीन स्तरांचे अभ्यासक्रम चालवितो. अध्यापनाची पात्रता आणि प्रशिक्षणाची पात्रता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. महाविद्यालयातील नियुक्तीसाठी पहिली बंधनकारक आहे, तर दुसरी संपादन करणे व्यक्तीच्या इच्छेवर सोडलेले आहे.

वार्षिक कार्यचक्र

महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. प्रवेशप्रक्रियेच्या काळात नव्या विद्यार्थ्यांतून खेळाडू शोधणे हे पहिले काम असते. कनिष्ठ महाविद्यालयात किंवा शालेय स्पर्धांत चमकलेली मुले कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घेतात, यावर पुढील तीन वर्षांचा संघ ठरतो. तालुक्याच्या गावातील प्रशिक्षकाला येथे नांदेड व लातूर शहरांतील मोठ्या महाविद्यालयांशी स्पर्धा करावी लागते. वसतिगृह, बंदिस्त क्रीडागृह व इतर शैक्षणिक सोयी यांमुळे चांगल्या खेळाडूंचा ओढा शहराकडे असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये निवड चाचणी व पायाभूत सराव होतो. त्यानंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना प्रारंभ होतो. संघ आधी आपल्या विभागात खेळतो आणि विभागांतील विजेते पुढे परस्परांशी भिडतात. या स्पर्धांतील कामगिरीवरून विद्यापीठाची निवड समिती विद्यापीठ संघ निवडते. निवडलेल्या खेळाडूंचे प्रशिक्षण शिबिर भरते आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रवाना होतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या अधिपत्याखाली होणाऱ्या या स्पर्धेतून पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी पात्र ठरतात. याशिवाय राज्यातील विद्यापीठांमध्ये ‘अश्वमेध’ हा राज्यस्तरीय क्रीडा महोत्सव होतो आणि त्यात व्हॉलीबॉलचा समावेश असतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे पहिल्यांदा भरलेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धांमुळे आंतरविद्यापीठ यशाला आणखी एक पुढची पायरी मिळाली.

सत्र पद्धतीमुळे वर्षातून दोनदा परीक्षा येतात आणि त्यांच्या तारखा अनेकदा स्पर्धांना छेदतात. खेळाडूची उपस्थिती, प्रात्यक्षिके व अंतर्गत गुण यांसाठी इतर विभागांशी बोलून मार्ग काढणे हा प्रशिक्षकाच्या कामाचा अलिखित पण अपरिहार्य भाग आहे. मार्च-एप्रिलच्या परीक्षांनंतर संघातील अंतिम वर्षाचे खेळाडू निघून जातात. उन्हाळी शिबिरात पुन्हा शाळकरी मुलांमधून शोध सुरू होतो.

प्रशिक्षणाचे स्वरूप

जुन्या सवयींत बदल

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शूटिंग व्हॉलीबॉल हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात दोन्ही हात जोडून चेंडू थेट प्रतिपक्षाच्या अंगणात जोराने मारण्यावर भर असतो. स्पर्धात्मक व्हॉलीबॉलमध्ये मात्र संघाला तीन स्पर्श मिळतात आणि त्यांचा उपयोग स्वीकार, उचल व फटका अशा क्रमाने करायचा असतो. त्यामुळे गावाकडून आलेल्या खेळाडूचा हात मजबूत आणि नजर तयार असली, तरी पहिला स्पर्श हलका ठेवून चेंडू सहकाऱ्याकडे देणे त्याला शिकवावे लागते. पहिल्या वर्षाचा बराचसा काळ यातच जातो.

उचल देणारा खेळाडू

व्हॉलीबॉल संघाचा कणा म्हणजे दुसरा स्पर्श करणारा खेळाडू. त्याला ‘सेटर’ आणि भारतात अनेक ठिकाणी ‘लिफ्टर’ म्हणतात. फटका मारणारा उंच खेळाडू प्रेक्षकांच्या नजरेत भरतो, पण त्याला मिळणारा चेंडू किती उंच, जाळीपासून किती दूर आणि कोणत्या क्षणी यावा हे सेटर ठरवितो. हे कौशल्य बोटांच्या टोकांचे आहे आणि ते अंगी येण्यास सर्वाधिक वेळ लागतो. म्हणून अनुभवी प्रशिक्षक पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधून सेटर आधी निवडतात आणि अंतिम वर्षाच्या सेटरसोबत त्याला तयार करतात. तसे न केल्यास मुख्य सेटर उत्तीर्ण होऊन गेल्यावर संपूर्ण संघ कोलमडतो.

रचना व फिरत

मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर असते. प्रतिपक्षाची सर्व्हिस असताना गुण जिंकून सर्व्हिस मिळविली, की सहाही खेळाडू घड्याळाच्या दिशेने एक जागा पुढे सरकतात. या फिरतीमुळे प्रत्येकाला पुढच्या व मागच्या अशा दोन्ही ओळींत खेळावे लागते. मागच्या ओळीतील खेळाडूला तीन मीटर रेषेच्या पुढे येऊन जाळीहून उंच असलेला चेंडू फटकावता येत नाही.

नवख्या संघाला सामान्यतः ‘४-२’ रचना शिकवतात. तीत दोन सेटर परस्परांच्या समोरच्या जागी असतात, त्यामुळे कोणत्याही फिरतीत एक सेटर पुढच्या ओळीत असतो आणि गोंधळ कमी होतो. मात्र पुढे फटका मारणारे दोघेच राहतात. ‘५-१’ रचनेत एकच सेटर सहाही फिरतींत उचल देतो. तो मागच्या ओळीत असताना पुढे तीन आक्रमक मिळतात, पण त्याला मागून धावत जाळीपर्यंत यावे लागते आणि पहिला स्पर्श अचूक नसेल तर सर्व रचना फसते. ४-२ वरून ५-१ कडे कधी वळायचे, हा महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या निर्णयांपैकी एक महत्त्वाचा निर्णय असतो. सरावाचे तास कमी असलेल्या संघाने घाईने ५-१ स्वीकारल्यास त्याचे नुकसानच होते.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत ‘लिबेरो’ या बचावपटूची भूमिका आली. लिबेरोला ब्लॉक करता येत नाही आणि जाळीहून उंच असलेला चेंडू पलीकडे फटकावता येत नाही, परंतु मागच्या ओळीत तो मोकळेपणाने बदली होऊ शकतो. या नियमाने कमी उंचीच्या पण चपळ खेळाडूंना संघात निश्चित जागा दिली. सरासरी उंची कमी असलेल्या भागांतील प्रशिक्षकांना तो विशेष उपयुक्त ठरला.

सामन्यातील भूमिका

त्याच सुमारास ‘रॅली पॉइंट’ पद्धत रूढ झाली. पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. आता प्रत्येक चेंडूवर गुण मिळतो आणि २५ गुणांचा डाव दोन गुणांच्या आघाडीने जिंकावा लागतो. पाचवा डाव १५ गुणांचा असतो. यामुळे वाया गेलेली सर्व्हिस थेट प्रतिपक्षाचा गुण ठरते आणि चुका टाळण्याचे महत्त्व वाढले.

सामना सुरू असताना प्रशिक्षकाच्या हाती मर्यादित साधने असतात. प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन विराम आणि सहा खेळाडू बदल त्याला घेता येतात. एवढ्या वेळात नवे काही शिकविणे शक्य नसते. सरावात घोटून घेतलेल्या एखाद्या गोष्टीची आठवण करून देणे किंवा प्रतिपक्षाची लय तोडणे हाच विरामाचा उपयोग असतो.

महिला संघ

ग्रामीण मराठवाड्यात महिला संघ उभा करणे हे पुरुष संघापेक्षा अवघड असते. मुली गावच्या खुल्या स्पर्धांत क्वचितच खेळलेल्या असतात, त्यामुळे शालेय पातळीवर खेळाचा परिचय न झाल्यास महाविद्यालयात प्रारंभापासून शिकवावे लागते. सायंकाळचा सराव, बाहेरगावचा मुक्काम आणि खेळाचा पोशाख यांबाबत घरच्यांची संमती मिळविण्यासाठी प्रशिक्षकाला पालकांशी प्रत्यक्ष बोलावे लागते. स्पर्धेसाठी संघ बाहेरगावी जाताना सोबत महिला व्यवस्थापक असणे आवश्यक असते. एकाच पुरुष संचालकाच्या महाविद्यालयात यासाठी दुसऱ्या विभागातील प्राध्यापिकेची मदत घेतली जाते. पदवीच्या काळात विवाह झाल्याने खेळ सुटणे हे खेळाडू गमावण्याचे एक ठळक कारण आहे. या परिस्थितीत शिक्षण पूर्ण करून स्वतः शारीरिक शिक्षिका झालेल्या माजी खेळाडू पुढील मुलींसाठी घराघरांत विश्वास निर्माण करतात.

तीन वर्षांची मर्यादा

क्लब किंवा विभागीय संघांच्या प्रशिक्षकाला एक खेळाडू आठ-दहा वर्षे मिळू शकतो. महाविद्यालयात मात्र पदवीचा काळ तीन वर्षांचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आला असला, तरी मूळ प्रश्न कायम राहतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांनाही वयोमर्यादा आहे.

याचा परिणाम संघाच्या आलेखावर दिसतो. पहिल्या वर्षी खेळाडू मूलभूत कौशल्ये सुधारतो, दुसऱ्या वर्षी त्याला रचना कळू लागते आणि तिसऱ्या वर्षी तो सामन्याचे चित्र वाचू लागतो. त्याच वर्षाच्या अखेरीस तो निघून जातो. एकाच तुकडीवर अवलंबून असलेला संघ एक वर्ष विजेता होतो आणि पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत बाद होतो. ज्या महाविद्यालयांचे संघ सातत्याने पुढे राहतात, तेथे तिन्ही वर्षांचे खेळाडू समतोल संख्येने ठेवलेले दिसतात. त्यासाठी प्रशिक्षकाला प्रसंगी आजचा सामना जिंकून देऊ शकणाऱ्या अंतिम वर्षाच्या खेळाडूऐवजी पहिल्या वर्षाच्या मुलाला मैदानात उतरवावे लागते आणि पराभवाची जबाबदारी स्वीकारावी लागते.

माजी खेळाडूंचा सहभाग हा या मर्यादेवरील पारंपरिक उपाय आहे. गावात राहिलेले, शेती, दुकान किंवा नोकरी करणारे जुने खेळाडू सायंकाळी मैदानावर येऊन विद्यमान संघाविरुद्ध खेळतात. वेगळा सहायक प्रशिक्षक नसलेल्या महाविद्यालयात सहायकाचे काम प्रत्यक्षात हेच करतात.

रोजगार, सेवाशर्ती व पदोन्नती

अनुदानित पदावरील संचालकाला नियमित वेतन व निवृत्तीपर्यंत सेवेची शाश्वती मिळते. मात्र महाराष्ट्रात प्राध्यापक संवर्गातील अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहत आल्याने मोठ्या संख्येने उमेदवार तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करतात. तासिका तत्त्वात मानधन घेतलेल्या तासांवर मिळते. मैदानावरील पहाटेचा व सायंकाळचा सराव अशा तासांत बसविणे अवघड असते. एम.पी.एड. व सेट झालेला तरुण प्रशिक्षक अनेक वर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर राहिल्यास त्याला संघाची दीर्घकालीन आखणी करता येत नाही. त्याचा फटका संघालाही बसतो, कारण तीन वर्षांनी बदलणाऱ्या संघात प्रशिक्षक हाच एकमेव कायमचा घटक अपेक्षित असतो. तोही दरवर्षी बदलू लागला, तर अनुभव साठून राहण्याची जागाच उरत नाही.

नियमित सेवेतील पदोन्नतीसाठी उपस्थिती, स्पर्धांचे आयोजन, कार्यशाळा आणि संशोधनपर लेखन यांचे मूल्यमापन होते. विद्यार्थी विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय संघात निवडला जाणे ही बाबही त्यात विचारात घेतली जाते. तथापि खेळाडू घडविण्यासाठी लागलेला मैदानावरील वेळ कागदावर मोजणे कठीण असल्याने, आयोजन आणि लेखन यांची नोंद तुलनेने सोपी व ठळक ठरते.

खेळाडूंसाठी पुढील वाटा

महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमधून व्यावसायिक खेळाडू होणाऱ्यांची संख्या अल्प आहे. २०१९ ची प्रो व्हॉलीबॉल लीग आणि २०२२ मध्ये हैदराबाद येथून सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग यांनी काही भारतीय खेळाडूंना व्यावसायिक मंच दिला. त्याआधीपासून रेल्वे, सेनादल, पोलीस व सार्वजनिक उपक्रम यांचे संघ हे खेळाडूंना नोकरी देणारे प्रमुख घटक राहिले आहेत.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. शासनाने ठरविलेल्या पातळीवरील प्रावीण्य आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी या त्यासाठीच्या अटी आहेत. यामुळे खेळाडूच्या हातातील प्रमाणपत्राला मोठे मूल्य आले. स्पर्धा कोणत्या संघटनेची होती, ती मान्यताप्राप्त होती का, प्रवेशिका वेळेत गेली का आणि नावाचे स्पेलिंग गुणपत्रिकेशी जुळते का, या गोष्टींवर पुढे एखाद्याची नोकरी अवलंबून राहू शकते. म्हणून कागदपत्रांतील अचूकता ही प्रशिक्षकाची एक महत्त्वाची जबाबदारी ठरते. पोलीस व सैन्य भरतीच्या शारीरिक चाचण्यांतही नियमित सरावाचा उपयोग होतो आणि ग्रामीण भागात अनेक मुले याच हेतूने मैदानावर प्रथम येतात.

काही खेळाडू बी.पी.एड. करून शाळांत क्रीडाशिक्षक होतात. त्यांच्या शाळांतून तयार झालेली मुले पुढे त्याच महाविद्यालयात प्रवेश घेतात. या मार्गाने प्रशिक्षकाने घडविलेला खेळाडू पंधरा-वीस वर्षांनंतर त्याच्या संघाचा पुरवठादार बनतो.

उल्लेखनीय कारकिर्दी

भारतात प्रशिक्षकांसाठीचा सर्वोच्च सन्मान म्हणजे द्रोणाचार्य पुरस्कार. तो १९८५ पासून दिला जातो. व्हॉलीबॉलसाठी हा पुरस्कार मिळालेल्यांत ए. रमण राव (१९९०), एम. श्यामसुंदर राव (१९९५) आणि जी. ई. श्रीधरन (२००७) यांचा समावेश आहे. हे तिघेही आधी खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्काराचे मानकरी होते. विद्यापीठ पातळीचे महत्त्व दाखविणारे उदाहरण म्हणजे जिमी जॉर्ज. भारताचे सर्वांत ख्यातनाम व्हॉलीबॉलपटू मानले जाणारे जॉर्ज केरळ विद्यापीठाच्या संघातून पुढे आले आणि नंतर इटलीतील व्यावसायिक क्लबकडून खेळले.

महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचा जगातील सर्वाधिक चर्चिला जाणारा नमुना अमेरिकेतील ॲल स्केट्स यांचा आहे. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुरुष संघाचे ते १९६३ ते २०१२ या काळात प्रशिक्षक होते. अमेरिकेत पुरुषांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद त्यांच्याच संघाने मिळविले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली एकूण १९ विजेतेपदे जिंकली. या यशाच्या काळातही स्केट्स यांनी अनेक वर्षे शाळेत शारीरिक शिक्षकाची नोकरी केली, कारण व्हॉलीबॉल प्रशिक्षणातून पुरेसे उत्पन्न मिळत नसे. त्यांचे विद्यार्थी कार्च किराय यांनी १९८४ व १९८८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक आणि १९९६ मध्ये किनारी व्हॉलीबॉलमधील सुवर्णपदक जिंकले. पुढे ते अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. महिला संघांच्या बाबतीत पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे रस रोझ यांचे नाव घेतले जाते. १९७९ ते २०२१ या कारकिर्दीत त्यांच्या संघाने सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि सलग १०९ सामने जिंकण्याचा विक्रम केला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाला शिष्यवृत्त्या, सहायक प्रशिक्षक आणि खेळाडू भरतीची स्वतंत्र यंत्रणा लाभलेली आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयाशी तिची थेट तुलना होऊ शकत नाही. तरीही स्केट्स व रोझ या दोघांच्या कारकिर्दीत एक समान सूत्र आढळते. खेळाडू काही वर्षांनी बदलत राहिले, पण प्रशिक्षक चार ते पाच दशके एकाच मैदानावर राहिला.

महत्त्व

महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाचे मोजमाप सामान्यतः करंडक व विद्यापीठ संघात निवडल्या गेलेल्या खेळाडूंच्या संख्येवरून होते. ग्रामीण महाविद्यालयाच्या बाबतीत हे मोजमाप अपुरे ठरते. मोजक्या सोयींत खेळणारा संघ शहरातील संघाविरुद्ध दरवर्षी जिंकेलच असे नाही. मात्र पदवीचे शिक्षण अर्धवट न सोडणारे खेळाडू, शाळांत गेलेले क्रीडाशिक्षक, पोलीस व सेनादलात दाखल झालेले तरुण आणि घराबाहेर पडून दुसऱ्या जिल्ह्यात खेळून आलेल्या मुली हे त्याच कामाचे परिणाम असतात. ते दिसून येण्यास एका तुकडीच्या तीन वर्षांपेक्षा पुष्कळ अधिक काळ लागतो. त्यामुळे प्रशिक्षकाच्या पदाची स्थिरता हा ग्रामीण क्रीडा विकासातील एक मूलभूत प्रश्न मानला जातो.